आधी गोळी, मग बंदूक

‘बंदूक’ हा शब्द मूळचा अरबी. फारसी-उर्दूच्या वाटेने तो मराठीत आला. अरबीत ‘बुन्दुक’ म्हणजे हेझलनट नावाचं छोटं, गोल, टणक कवचाचं फळ. त्या फळाएवढी मातीची किंवा शिशाची गोळी, तिलाही ‘बुन्दुक’ म्हणू लागले. आणि गोळी मारणारं हत्यार पुढे त्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. म्हणजे भाषेच्या हिशेबाने गोळी आधी आली आणि बंदूक मागून. अमेरिकेत लिव्हर-अॅक्शन रायफल विकत घेणारे बहुतेक लोक हाच क्रम उलटा करतात, आणि या लेखात माझं भांडण त्या उलट्या क्रमाशी आहे.

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या मास्तराला हा विषय कुठून सुचला, असं काही वाचकांना वाटेल. माझा एक मामेभाऊ बरीच वर्षं अमेरिकेत आहे. तिथे परवाना काढून तो दर मोसमात हरणाच्या शिकारीला जातो आणि ते मांस वर्षभर घरात खाल्लं जातं. अलीकडे त्याला शिशाच्या जड गोळ्या घरीच ओतायचा नाद लागला आहे. त्यांच्यासाठी रायफल कोणती घ्यावी, यावर आमच्या फोनवर तासन्‌तास गप्पा झाल्या. त्या निमित्ताने मी जे वाचलं आणि समजून घेतलं, त्यातून माझं एक मत तयार झालं. इथल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पुढचं सगळं अमेरिकेतलं आहे. तिथे राहणारे मराठी वाचक या ब्लॉगवर येतात आणि त्यांच्यातले काही शिकारही करतात.

लिव्हर-अॅक्शन म्हणजे चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून वर घेतली की जुनी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस नळीत जातं, अशी रायफल. हॉलिवूडच्या काउबॉय सिनेमांनी ती जगभर पोचवली. ‘स्टेजकोच’मध्ये (१९३९) जॉन वेन मोठ्या कडीची विंचेस्टर एका हाताने गर्रकन फिरवतो, ते दृश्य पाहूनच कित्येकांचं मन तिच्यावर बसलं असेल. त्यामुळे दुकानात गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो नावाचा. मार्लिन की विंचेस्टर? दुसरा प्रश्न रूपाचा. निळसर पोलाद की चकचकीत स्टेनलेस? गोळीचा प्रश्न येतो तो पैसे मोजून झाल्यावर.

कारखान्यातली तयार काडतुसं वापरणाऱ्याचं यात फारसं बिघडत नाही. त्याची गोळी तांब्याच्या आवरणाची असते आणि ती बऱ्याच चुका पोटात घालते. पण ज्याला ओतीव शिशाची जड गोळी वापरायची आहे, त्याने आधी रायफल घेतली आणि मग गोळी शोधली, तर त्याची गत जोडे घेऊन मग त्यात पाय कोंबणाऱ्यासारखी होते.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण या रायफली आणि ओतीव शिसं यांचं नातं जुनं आहे. हेन्री रायफल १८६०ची, पहिली विंचेस्टर १८६६ची. १८७३च्या विंचेस्टरचं नाव तर घरोघरी झालं. पण तिचं ४४-४० हे काडतूस तसं हलकं. त्यात ४० ग्रेन दारू आणि २०० ग्रेनची गोळी. त्याच १८७३ साली अमेरिकन लष्कराने ४५-७० हे काडतूस घेतलं. त्यात ७० ग्रेन काळी दारू आणि ४०५ ग्रेनची शिशाची गोळी. पुढे मार्लिनने १८८१मध्ये आणि विंचेस्टरने जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरून १८८६मध्ये हे दांडगं काडतूस पेलणाऱ्या लिव्हर रायफली काढल्या. या सगळ्या शिशाच्या जमान्यातल्या. १८९५मध्ये बिनधुराच्या दारूचं ३०-३० काडतूस विंचेस्टर ९४ साठी बाजारात आलं. वेग वाढला, शिशावर तांब्याचं कवच आलं आणि ओतीव गोळी मागे पडली. पण ती संपली नाही. एल्मर कीथसारखे लेखक विसाव्या शतकात आयुष्यभर सांगत राहिले की जड, चपट्या तोंडाची ओतीव गोळी मध्यम वेगानेही मोठं जनावर पाडते.

हे ४०५ ग्रेन म्हणजे किती? आपल्या जुन्या तोळ्यात १८० ग्रेन धरत. म्हणजे ही गोळी बरोबर सव्वादोन तोळ्यांची! सोनाराच्या तागडीत सव्वादोन तोळे कसे दिसतात, हे आपल्या आया-बहिणींना सांगावं लागत नाही. एवढं वजन सेकंदाला ४०० मीटरच्या वेगाने सुटतं आणि हाड लागलं तरी सहसा वाट सोडत नाही. जड गोळीचं सगळं मोल या सरळ जाण्यात आहे.

ओतीव गोळीचं साहित्यही आपल्याला परकं नाही. नुसतं शिसं फार मऊ. म्हणून त्यात थोडं कथील घालतात, म्हणजे कल्हईवाला भांड्यांना लावतो तेच. त्याने रस साच्यात नीट पसरतो. कडकपणासाठी अँटिमनी. सुरम्याशी ज्याचं नाव जोडलेलं आहे ते हेच अँटिमनी. जुन्या छापखान्यांत मराठी मजकुराचे खिळे याच तीन धातूंच्या मिश्रणाचे असत. लायनोटाइप यंत्राच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे. ऑफसेट छपाई आल्यावर अमेरिकेतल्या छापखान्यांनी हा धातू मोडीत काढला आणि गोळ्या ओतणाऱ्यांनी तो आनंदाने उचलला. (आपल्या उर्दू वर्तमानपत्रांचा यात वाटा नाही. ती बराच काळ कातिबच्या हातानेच लिहिली जात होती.)

आता मुद्द्यावर येतो. ओतीव गोळीसाठी रायफल निवडताना चार गोष्टी पाहाव्यात, आणि त्यातली एकही जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेली नसते.

पहिली गोष्ट नळीचं खरं माप. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, त्यांनी गोळीला फिरकी मिळते. तांब्याच्या आवरणाची गोळी मापाला किंचित कमी-जास्त असली तरी चालून जातं. शिशाची गोळी मात्र नळीच्या खाचांपेक्षा एक-दोन सहस्रांश इंच मोठी असावी लागते. लहान असेल तर दारूचा तापलेला वायू तिच्या बाजूने पुढे निसटतो, जाताना शिसं वितळवतो आणि ते नळीत चढून बसतं. मग नेम बिघडतो आणि नळी साफ करता करता रविवार संपतो. ४५-७०च्या नळीचं ठरलेलं माप ०.४५८ इंच. तेव्हा गोळी ०.४५९ किंवा ०.४६० हवी. ४४ मॅग्नमच्या तयार गोळ्या ०.४२९ ते ०.४३० असतात, पण या काडतुसाच्या कित्येक लिव्हर रायफलींची नळी प्रत्यक्षात ०.४३१ किंवा थोडी जास्तच भरते. हा फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी आहे, आणि सगळा खेळ त्यावरच आहे.

हे मोजायची रीत सोपी आहे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची. मऊ शिशाचा तुकडा तेल लावून नळीतून हलक्या हाताने ठोकत पार करायचा आणि बाहेर आल्यावर मायक्रोमीटरने मोजायचा. नळीचं खरं माप त्या तुकड्यावर उमटलेलं असतं. अनेक जण हे टाळतात आणि गोळी आणखी कडक करत बसतात. माझं ठाम मत आहे की मापात न बसणारी गोळी कितीही कडक केली तरी ती मापात बसत नाही. तशी मापातली गोळी भरलेलं काडतूस रायफलीच्या घरात अडकत नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावं.

दुसरी गोष्ट खाचांची खोली. मार्लिनने १९५०च्या दशकात ‘मायक्रो-ग्रूव्ह’ नावाची पद्धत आणली. जुन्या खोल खाचांऐवजी पुष्कळ उथळ खाचा. ३०-३०च्या ‘३३६’ रायफलीत त्या बारा असत. तांब्याच्या आवरणाच्या गोळीला त्या छान मानवल्या. शिशाच्या गोळीला मात्र उथळ खाच धरून ठेवता येत नाही, वेग वाढला की गोळी घसरते, अशी तक्रार सुरू झाली. पुढे मार्लिनने मोठ्या बोअरच्या रायफलींत पुन्हा खोल खाचा दिल्या. त्यांना जुन्या बॅलार्ड रायफलींवरून बॅलार्ड पद्धत म्हणतात.

इथे न्यायाने बोललं पाहिजे. ‘मायक्रो-ग्रूव्हमधून शिसं चालतच नाही’ हे वाक्य लोक मंत्रासारखं म्हणतात, आणि ते खरं नाही. गोळी थोडी जाड ठेवली, मिश्रण थोडं कडक घेतलं, बुडाला ‘गॅस चेक’ म्हणजे तांब्याची चिमुकली वाटी बसवली आणि वेग आवरता घेतला, तर या नळ्याही चांगलं काम देतात. म्हणून हातात आधीच तशी रायफल असेल तर ती विकायची घाई करू नये. पण नवी घ्यायची असेल आणि ओतीव गोळीच वापरायची असेल, तर मी डोळे झाकून खोल खाचांची नळी घ्यायला सांगेन. जे काम सहज होतं ते कसरत करून का करायचं?

तिसरी गोष्ट खाचांचा पीळ. नळीत किती इंचांत एक पूर्ण फेरा होतो, त्यावर कोणत्या लांबीची गोळी स्थिर राहील हे ठरतं. एकाच जाडीची गोळी जड करायची तर ती लांब होते, आणि लांब गोळीला जास्त फिरकी लागते. कमी पडली तर ती दमलेल्या भोवऱ्यासारखी डुलते आणि आडवी होऊन लागते. याचा एक जुना हिशेब आहे. इंग्लंडमध्ये वूलविच इथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारे ग्रीनहिल यांनी तो १८७९मध्ये मांडला. गोळीच्या व्यासाचा वर्ग घ्या, १५०ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. सगळं इंचांत. उत्तर येईल तेवढ्या किंवा त्याहून कमी इंचांत एक फेरा हवा. आठवीचा विद्यार्थी फळ्यावर करून दाखवेल इतका सोपा.

करून पाहू. ४४ मॅग्नमच्या गोळीचा व्यास ०.४३ इंच. वर्ग ०.१८५, गुणिले १५०, आले सुमारे २७.७. चालू २४० ग्रेनची गोळी ओतली तर अंदाजे ०.६६ इंच लांब होते. भागाकार ४२. जुन्या मार्लिन १८९४च्या ४४ मॅग्नम नळीचा पीळ ३८ इंचांत एक फेरा. म्हणजे पास! आता ३०० ग्रेनची गोळी घ्या, लांबी ०.८ इंच. भागाकार सुमारे ३५. त्याच ३८च्या पिळात ही गोळी काठावर नापास. हा पीळ पूर्वीच्या हलक्या गोळ्यांच्या काळातला आहे आणि काडतूस बदललं तरी तोच चालू राहिला. वेग जास्त असेल तर थोडी सूट मिळते, हेही खरं. पण ‘३०० ग्रेनच्या गोळ्यांनी नेम का लागत नाही’ म्हणून हैराण झालेल्या माणसाने हा भागाकार दुकानात जाण्यापूर्वी केला असता तर त्याचे पैसे वाचले असते. रुगर कंपनीने मार्लिन घेतल्यानंतर काढलेल्या ४४ मॅग्नम रायफलीचा पीळ २० इंचांत एक फेरा आहे. जड गोळीसाठी तो सरस.

४५-७०ला या बाबतीत काळजी नाही. तिथे २० इंचांत एक फेरा हा जुना, रुळलेला पीळ आहे. ४०५ ग्रेनची गोळी साधारण एक इंच लांब, तिला ३१-३२ इंचांतला फेराही पुरला असता. म्हणजे ऐपत गरजेपेक्षा कितीतरी जास्त. जड ओतीव गोळीसाठी हे काडतूस दीडशे वर्षं टिकून आहे, त्याचं एक कारण हेच.

चौथी गोष्ट काडतुसं साठवायची नळी. बहुतेक लिव्हर रायफलींत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं, आणि बुडाच्या मधोमध ठिणगी पाडणारी टोपी असते. टोकदार कडक गोळी तिथे ठेवली तर बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने आतल्या आत स्फोट होऊ शकतो. म्हणून इथे चपट्या तोंडाचीच गोळी घ्यायची, त्यात तडजोड नाही. योगायोगाने जड ओतीव गोळीला चपटं तोंडच शोभतं, कारण त्यानेच ती परिणामकारक होते. पण फार लांब नाकाची गोळी भरली तर काडतूस इतकं लांब होतं की ते यंत्रातून फिरतच नाही. मार्लिन १८९५ या बाबतीत जुन्या विंचेस्टर १८८६पेक्षा कोती आहे. तेव्हा नवा साचा विकत घेण्याआधी त्या गोळीची दहा-वीस काडतुसं कुणाकडून तरी मागून, दारू आणि टोपी न भरता, रायफलीतून फिरवून पाहावीत.

या चार गोष्टींनंतर येतो ताकदीचा प्रश्न, आणि इथे माणसं सगळ्यात जास्त वाहवतात. ४५-७० हे एकच नाव असलं तरी ते पेलणाऱ्या रायफली सारख्या नाहीत. काडतूस भरण्याच्या पुस्तकांत त्यासाठी तीन वेगळे तक्ते असतात. १८७३च्या लष्करी ‘ट्रॅपडोअर’ रायफलीसाठी सौम्य, आजच्या लिव्हर रायफलींसाठी मधला, आणि ‘रुगर नंबर १’सारख्या भक्कम एकेरी रायफलींसाठी कडक. तिसऱ्या तक्त्यातलं काडतूस पहिल्या रायफलीत घातलं तर ती हातात फुटू शकते. आजोबांची म्हणून भिंतीवर लावलेली रायफल सुंदर असते, पण तिच्यात काय भरायचं ते जाणत्या बंदूक-कारागिराला विचारूनच ठरवावं.

नवी रायफल पेलते म्हणून मधल्या तक्त्याच्या वरच्या टोकाला जाऊन बसण्यातही मला शहाणपण दिसत नाही. सात पौंडांच्या आसपासची रायफल सव्वादोन तोळ्यांची गोळी पूर्ण जोराने फेकते, तेव्हा खांद्याला जो धक्का बसतो त्याने चांगला नेमबाजही पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच अंग चोरतो. नेम तिथेच गेला. जड ओतीव गोळीला फार वेग लागतच नाही, हाच तर तिचा गुण. सेकंदाला १३०० ते १६०० फुटांच्या वेगात ती आपलं काम पुरं करते. ज्याला सेकंदाला २८०० फूट हवेत त्याने दुसरी रायफल घ्यावी, म्हणजे तिच्यावरही अन्याय नाही आणि हिच्यावरही नाही.

वेग कमी म्हणजे गोळी लवकर खाली येते, आणि हे मान्य करण्यात प्रामाणिकपणा आहे. ४०५ ग्रेनची गोळी १३३० फुटांच्या वेगाने सोडली आणि नेम १०० यार्डांवर बांधला, तर २०० यार्डांवर ती सुमारे दोन फूट खाली लागते. दोन फूट म्हणजे हरणाच्या काळजाऐवजी पाय. पाय मोडलेलं जनावर रानात जातं आणि तीन दिवस तडफडून मरतं. माझ्या दृष्टीने या सगळ्या मोजमापांना अर्थ येतो तो इथे. सहस्रांश इंच, पीळ, खाचा हा शौकिनांचा काथ्याकूट वाटतो खरा, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला एक जिवंत जनावर उभं असतं. जो माणूस दीडशे यार्डांच्या आत जाऊन थांबू शकत नाही, त्याने ही रायफल आणि ही गोळी घेऊ नये.

हलाल-हरामचा प्रश्न वाचक विचारणारच, म्हणून एवढंच. बंदुकीने मेलेल्या शिकारीबद्दल उलेमांत मतभेद आहेत. गोळीने जनावर मरतं ते छेदाने की आघाताने, हा त्यातला कळीचा मुद्दा. आपल्या उपखंडातल्या बहुतेक हनफी उलेमांनी जनावर जिवंत हाती लागून जबह होणं गरजेचं मानलं, तर युसूफ अल-करजावींसारख्यांनी बिस्मिल्लाह म्हणून झाडलेल्या गोळीची शिकार जायज ठरवली. मी मुफ्ती नाही. आपण ज्यांना मानता त्यांना विचारा. पण दोन्ही मतांच्या माणसाला जवळून आणि अचूक नेम मारणं सारखंच आवश्यक आहे.

आता शिशाबद्दल. रायफलींच्या चर्चेत हा विषय सहसा टाळतात, मला तो टाळता येत नाही. शिसं विष आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते सगळ्यात जास्त नडतं. वेगवान, मऊ शिशाची आवरणवाली गोळी मांसात फुटून बारीक कण पसरवते. ओतीव, कडक, संथ गोळी बहुधा अखंड पार होते आणि तिचे कण कमी राहतात. हा ओतीव गोळीच्या बाजूचा मुद्दा आहे. तरी जखमेभोवतीचं मांस हात आखडता न घेता कापून टाकावं. कॅलिफोर्नियात शिशाचे कण पोटात जाऊन कॉन्डोर गिधाडं मरू लागली. तिथे १ जुलै २०१९पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाची गोळी वापरायला पूर्ण बंदी आहे. त्या राज्यातल्या वाचकाला हा सगळा लेख फक्त निशाणबाजीच्या मैदानापुरता उपयोगी. तिथले कायदे जाचक म्हणून कुरकुरणारे पुष्कळ आहेत, मला ती बंदी अवाजवी वाटत नाही.

गोळ्या घरी ओतणाऱ्याने तर जास्तच जपावं. स्वयंपाकघरातलं भांडं, चमचा, शेगडी यांना शिसं कधीच लागू देऊ नये. ओतायचं ते उघड्या हवेशीर जागी, मुलांना लांब ठेवून. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर वाफेच्या जोराने सगळा रस अंगावर उडतो. काम झालं की हात साबणाने धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत. आपल्या समाजासाठी एक जोड देतो. बाजारात सुरमा म्हणून जी पूड विकली जाते, ती अनेकदा शिशाचीच असते. जो बाप गोळ्या ओतताना हातमोजे घालतो, त्याने बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालण्याआधीही हीच काळजी घ्यावी.

गोळीला लावायच्या वंगणाबद्दलही दोन शब्द. शिशाची गोळी वंगणाशिवाय नळीतून सुखाने जात नाही. आपल्या देशात काडतुसाच्या चरबीवरून १८५७मध्ये काय घडलं ते शाळेतलं पोरही जाणतं. एन्फिल्ड रायफलीची ती गोळीही जड शिशाचीच होती. आजच्या चालू वंगणांत मधमाशीचं मेण मुख्य असतं, आणि आता गोळीवर रंगासारखा पावडरचा थर भाजून चढवायची रीतही आली आहे. तरी जुन्या पाककृतींत डुकराची चरबी आढळते. ज्याला ती नको त्याने डबीवरचा मजकूर वाचून घ्यावा.

मग घ्यावी कोणती? माझा कौल असा. मोठ्या जनावरासाठी आणि खऱ्या अर्थाने जड गोळीसाठी ४५-७०, खोल खाचांची. आताची मार्लिन १८९५ या मापात बसते, आणि जास्त लांब गोळ्या हव्या असतील आणि खिसा साथ देत असेल तर १८८६च्या नमुन्यावरची विंचेस्टर. हलकी रायफल आणि कमी धक्का हवा असेल तर ४४ मॅग्नम, पण पीळ विचारून. नुसतं हरणच मारायचं असेल तर ३०-३० भरपूर आहे. तिची १७० ग्रेनची गोळी जड म्हणता येत नाही, पण हरणाला तेवढं कळत नाही! जुनी रायफल घेणाऱ्याने दस्त्याच्या लाकडावर न भाळता नळीत दिवा घालून पाहावं आणि मऊ शिशाचा तुकडा खिशात घेऊनच जावं. मोजू न देणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नये.

आणि ज्याला ओतणं, मोजणं, वंगण लावणं यात रस नाही, त्याने तयार काडतुसं घ्यावीत. त्यात कमीपणा नाही. त्याच्या हातात कोणतीही चांगली रायफल शोभेल. ओतीव गोळीचा मार्ग चिकाटी मागतो आणि त्या बदल्यात समजून केलेल्या कामाचं समाधान देतो.

म्हणून कागद घ्या आणि या क्रमाने लिहा. कोणतं जनावर, किती अंतरावरून. त्यासाठी किती वजनाची गोळी. त्या गोळीला किती पीळ, कसल्या खाचा, किती माप. ते पेलणारी रायफल कोणती. एवढं लिहून झालं की शेवटच्या ओळीत कंपनीचं नाव आपोआप येईल, बहुधा दोन-तीनच नावं उरलेली असतील. त्यांतली जी डोळ्यांना आवडेल ती खुशाल घ्या. आवडीनिवडीला जागा आहेच, पण ती कागदाच्या तळाशी.